मुक्या दुखण्याची उपेक्षा

खोकताना लघवी सुटणे, अंग बाहेर येणे ही दुखणी पुण्यासारख्या विद्येच्या माहेरघरीही स्त्रिया निमूटपणे सोसतात. बाळंतपणानंतर असे व्हायचेच, ही समजूत बहुधा आईकडूनच आलेली असते. राणी व अभय बंग यांच्या गडचिरोलीतील पाहणीत (१९८९) ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले. पूर्वी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. शहरात डॉक्टर जवळ असला, तरी संकोच सुटत नाही.

वस्तुतः खोकता-शिंकताना लघवी सुटण्यावर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम हाच पहिला उपाय होय. अमेरिकन डॉक्टर आर्नोल्ड केगेल यांनी तो १९४८ मध्ये मांडला. परंतु नेमका कोणता स्नायू आवळावयाचा, हे पुष्कळ जणींना केवळ सांगून साधत नाही. काही तर उलट खाली जोर देतात. म्हणूनच तपासून शिकविणारी व किमान तीन महिने पाठपुरावा करणारी फिजिओथेरपिस्ट हवी. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायाला आयोगाची चौकट दिली खरी. तथापि महापालिकेच्या प्रसूतिगृहात बाळंतिणीच्या टाक्यांची चौकशी होते, तशी लघवीचीही व्हावयास हवी. त्यासाठी नव्या यंत्राची गरज नाही. पडद्याआडची एक खोली आणि प्रशिक्षित स्त्री पुरेशी आहे.