सब्र म्हणजे मुकेपण नव्हे

गेल्या ईदला आमचा एक जुना विद्यार्थी सलाम करायला घरी आला. गडचिरोली पोलीस दलात आहे, ड्युटी भामरागडकडे. शिरखुर्म्याची वाटी हातात धरून बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सर, रात्री झोप लागत नाही. अम्मी म्हणते, नमाज पढ, सगळं ठीक होईल. मी पढतो. तरी झोप येत नाही. माझं ईमान कमी पडतंय का?"

प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही, म्हणून इथे लिहीत आहोत.

गडचिरोलीत १९९० साली सी-६० पथक उभे राहिले. जंगल आणि गोंडी-माडिया भाषा जाणणारी स्थानिक मुले त्यात आली. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ भूसुरुंग फुटला. १५ जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक शहीद झाले. त्यांत बीड जिल्ह्यातील पाटोद्याचे तौसिफ शेखही होते. ज्या रस्त्यावर सोबती गेले, त्याच रस्त्यावर पुन्हा गस्त घालायची, तर छातीत धडधड होणारच. त्याचा ईमानाशी काय संबंध?

आम्ही त्याला सूरह निसाची १०२ वी आयत आठवून दिली. भीतीच्या प्रसंगी नमाज कशी पढावी, हे तिथे सांगितले आहे. एक गट हत्यारासह नमाजला उभा राहतो, दुसरा पहारा देतो. मग पाळी बदलते. अल्लाह तआलाने धोका नाकारला नाही. उलट, नमाज पढणाऱ्याच्या पाठीशी माणूस उभा केला.

सब्रचा अर्थही आपण चुकीचा लावतो. हजरत याकूब (अलै.) मुलाच्या विरहात रडून रडून दृष्टी गमावून बसले, तरी कुरआनात ते सब्र करणारेच आहेत. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी उंट आधी बांधा, मग अल्लाहवर भरोसा ठेवा, असे शिकवले. डॉक्टरकडे जाणे हेही उंट बांधणेच आहे.

म्हणून माता-भगिनींना विनंती. मुलगा रजेवर आला की "चकमकीत काय झालं?" असे खोदून विचारू नका. तो बोलू लागला तर मध्येच नसीहत देऊ नका. नमाज, तिलावत, दुआ यांनी मनाला आधार मिळतो. तो सुटू देऊ नका. पण आठवडेच्या आठवडे झोप नसेल, आवाजाने दचकत असेल, चिडचिड किंवा नशा वाढली असेल, तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो.

आमच्या विद्यार्थ्याने डॉक्टरांकडे जायचे कबूल केले. जाताना म्हणाला, "अम्मीला तुम्हीच समजवा, सर." आम्ही त्याच संध्याकाळी गेलो. तिने सारे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाली, "मला वाटलं, विचारलं तर तो खचेल."

जंगलात त्याच्या पाठीशी सोबती पहारा देतात. घरी तो पहारा आपला आहे. अल्लाह तआला आपल्याला तो निभावण्याची तौफिक देवो. आमीन.