भरलेले पोट, उपाशी शरीर

मधुमेह हा गादीवर बसणाऱ्यांचा रोग आहे, ही समजूत आपल्या चळवळीतही अद्याप घट्ट रुजलेली आहे. अंबरनाथच्या मोरिवली औद्योगिक वसाहतीत पाळी सुटताना कामगारांकडे नीट पाहावे. हातपाय काटकुळे आणि पोट मात्र सुटलेले, अशी शरीरे तेथे सहज दिसतात. हे पोट सुखवस्तूपणाची खूण नव्हे.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत जो अभ्यास सुरू केला, त्याने या कोड्याचा उलगडा केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. मात्र ही तूट मुख्यतः स्नायूंची व अंतर्गत अवयवांची होती. त्वचेखालची चरबी बव्हंशी टिकून होती. आईच्या कुपोषणाचा वारसा घेऊन जन्मलेला असा देह पुढे स्वस्त पिष्टमय अन्नावर पोसला गेला, की मधुमेहाचा धोका वाढतो. देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीने २०२३ साली प्रसिद्ध केला. हे सारे श्रीमंत कोठून असणार?

दांडेकर आणि रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्य मोजताना दरडोई रोज २,२५० उष्मांकांचा निकष घेतला. १९७९च्या कार्यगटाने शहरांसाठी तो २,१०० ठरविला. उपासमार आकड्यांत पकडणे हे त्या काळी मोठेच काम होते. परंतु उष्मांक वडापावातूनही भरतात. बारा तास राबून भाड्याच्या खोलीत परतणारा कामगार अज्ञानामुळे वडापाव खात नाही. तेवढ्या पैशांत आणि तेवढ्या वेळात दुसरे काही मिळत नाही म्हणून खातो. त्याला आहाराचा उपदेश करणे म्हणजे वेतनाचा प्रश्न स्वभावाच्या खात्यावर टाकणे होय.

२०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबांना माणशी दरमहा ५ किलो धान्याचा हक्क दिला. २०२३पासून ते मोफत मिळते. या हक्काचे मोल कमी लेखू नये. पण त्यात डाळ नाही. २०२२च्या दिवाळीत ‘आनंदाचा शिधा’ आला, त्यात किलोभर चणाडाळीसोबत किलोभर साखरही होती. डाळ ही सणापुरती कृपा नव्हे, ती बारमाही हक्क असली पाहिजे. १९७२च्या दुष्काळात याच महाराष्ट्राने कामावरील मजुरांना सुकडी दिली होती, हे विसरू नये.

तिजोरीवर भार पडेल, असे सांगितले जाईल. खर्च तर होणारच आहे. तो आधी सरकारने डाळीवर करायचा, की नंतर कामगाराने कर्ज काढून औषधांवर, एवढाच प्रश्न आहे.

दुसरी मागणी उपाहारगृहाची. १९४८च्या कारखाना कायद्याने ते २५०हून अधिक कामगारांच्या कारखान्यांपुरते ठेवले; २०२०च्या संहितेने ही मर्यादा १००वर आणली. लहान कारखान्यांतील कामगार तरीही बाहेरच राहतो. त्याच्यासाठी मालकांच्या वर्गणीतून औद्योगिक वसाहतीचे सामाईक उपाहारगृह हवे. कार्यकर्त्यांनी आपल्या मागणीपत्रकात महागाई भत्त्याच्या शेजारीच ही दोन कलमे लिहावीत. कामगाराच्या ताटात काय पडते, हाही वेतनाचाच प्रश्न आहे.