सोसायटीचे नियम आणि शेजारधर्म

विरारहून गुजरातकडे जाणाऱ्या गाडीत बसले म्हणजे डहाणू, वापी, वलसाड व नवसारी ही स्थानके मागे पडून सुरत येते. आपल्या गावांतील कित्येक तरुण नोकरीधंद्याच्या निमित्ताने अशा मोठ्या शहरांत जाऊन राहिले आहेत. कोणी कारखान्यात, कोणी इस्पितळात, कोणी कापडाच्या पेढीवर काम करतो. चार पैसे साठले म्हणजे कर्ज काढून फ्लॅट घेतला जातो, आणि मग घरी येणाऱ्या निरोपांत एक नवीच तक्रार दिसू लागते. कामाचा त्रास नाही, सोसायटीचा आहे!

ही तक्रार ज्यांच्या कानी आली नाही असे घर आता विरळा. आईबाप गावाहून भेटीस गेले तर फाटकावर वॉचमन नाव, गाव व काम विचारून वहीत लिहून घेतो. सज्जात कपडे वाळत घालावयाचे नाहीत. पाहुण्याची स्कूटर आत उभी करावयाची नाही. मुलांनी अंगणात चेंडू खेळावयाचा नाही. आणि गावाहून प्रेमाने नेलेले सुके बोंबील तव्यावर पडले की खालच्या मजल्यावरून निरोप आलाच म्हणून समजावे. “घर आमचे, हप्ते आम्ही भरतो, आणि हुकूम मात्र चेअरमनचा!” हे उद्गार ऐकून गावाकडील वडीलधाऱ्यांस हसावे की रडावे ते कळत नाही.

या तक्रारीत तथ्य आहे, परंतु सर्वच तथ्य नाही. गावात तरी नियम कोठे नसतात? विहिरीवर पाण्याची पाळी असते, शेताच्या बांधाला मर्यादा असते, लग्नकार्यात कोणी कोणते काम उचलावयाचे हे ठरलेले असते. फरक इतकाच की गावातला नियम सांगणारा मनुष्य आपणांस लहानपणापासून ओळखतो आणि प्रसंग पाहून तो सैलही करतो. शहरातला नियम लिफ्टजवळच्या फळ्यावर टाचलेला असतो, व तो टाचणारा पुष्कळदा शेजाऱ्याचे नावही जाणत नाही.

मुळात ही सोसायटी आली कोठून? आपल्या देशात सहकाराचा पहिला कायदा 1904 साली झाला. पुढे 1915 साली मुंबईत गावदेवी येथे सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन केली. 1918 साली वांद्र्यास आपल्याच कॅथलिक बांधवांनी साल्सेट कॅथलिक सोसायटी उभी केली. एकट्याच्या कुवतीने ज्यांचे घर होणे कठीण होते, त्यांनी दहाजणांच्या कुवतीने ते केले. गुजरात राज्याने 1961 साली आपला स्वतंत्र सहकार कायदा केला, आणि सुरतेच्या सहकारी सोसायट्या आज त्याच कायद्याखाली चालतात. त्या कायद्याप्रमाणे सोसायटीची मालकी चेअरमनकडे नसते. अंतिम सत्ता सभासदांच्या सर्वसाधारण सभेची असते. कमिटी ही तिने नेमलेली कारभारीण. हे मूळ विसरले म्हणजे कारभारीण मालकीण होऊन बसते, आणि सभासद आपल्याच घरात भाडेकरूसारखा वावरू लागतो.

आता नियमांकडे वळू. काही नियम जाचक वाटतात, पण ते जिवाचे असतात. जिन्यात जुने सामान ठेवू नये, गच्चीवर परवानगीवाचून बांधकाम करू नये, गच्चीची वाट अडवू नये, हे ऐकून कंटाळा येतो. परंतु सुरतेच्या सरथाणा भागात 24 मे 2019 रोजी तक्षशिला आर्केड या इमारतीस आग लागली, तेव्हा वरच्या मजल्यावर शिकवणीस आलेली मुले अडकून पडली. जिना जळून गेला होता. उतरावयास वाट राहिली नाही. कित्येकांनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. बावीस तरुण जीव गेले. ती इमारत राहण्याची नव्हती, व्यापाराची होती; परंतु आग असा भेद करीत नाही. जिन्यातून मोडके कपाट काढावयास सांगणाऱ्या सेक्रेटरीचा राग येण्यापूर्वी या मुलांची आठवण करावी.

दुसऱ्या प्रकारचे नियम सोयीचे असतात. गाड्या कोठे ठेवाव्यात, पाणी केव्हा सोडावे, रात्री किती वाजेपर्यंत गाणे वाजवावे, यांत थोडे सोसावे लागते. म्हाताऱ्या शेजाऱ्याची झोप आपल्या रेडिओहून मोठी आहे, हे मान्य करावयास काही पोटनियम लागत नाही. आणि हे सोसणे दोन्ही बाजूंचे असावे. मुलांस खेळावयास संध्याकाळी तासभर तरी अंगण मोकळे ठेवणे, हेही म्हाताऱ्यांचे सोसणेच आहे.

परंतु तिसरा प्रकार निराळा. तेथे नियमाच्या नावाने शेजाऱ्यालाच दाराबाहेर ठेवले जाते. 2020 साली करोनाच्या साथीत सुरतेतील सरकारी इस्पितळात काम करणाऱ्या एका महिला डॉक्टरांस त्यांच्याच इमारतीच्या दारात शेजाऱ्यांनी अडविले, आणि काम चालू ठेवल्यास परिणाम भोगावे लागतील अशी धमकी दिली. दिवसभर रोग्यांची सेवा करून जी बाई घरी परतली, तिला घराचा उंबरठा ओलांडू देणार नाही म्हणणारे लोक कोणी गुंड नव्हते. रोज जिन्यात भेटणारे शेजारीच होते. देशात ठिकठिकाणी असे प्रकार घडले, व अखेर त्याच वर्षी 22 एप्रिल रोजी केंद्र सरकारने वटहुकूम काढून आरोग्यसेवकांवरील हल्ला व छळ हा पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा ठरविला. शेजाऱ्यापासून शेजाऱ्याचे रक्षण करण्यास कायदा आणावा लागला, याहून लाजेची गोष्ट ती कोणती?

येथे आपणही थोडे अंतर्मुख झाले पाहिजे. अमुक जातीस, अमुक धर्मास किंवा मासे खाणाऱ्यास घर देत नाहीत म्हणून आपली मुले रडतात. ते दुःख खरे आहे. परंतु अहमदाबादेतील पारशी सोसायटीचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा 2005 साली न्यायालयाने असा निर्णय दिला की सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवणारा पोटनियम नोंदलेला असेल, तर तो सभासदावर बंधनकारक आहे. त्या निर्णयाचे समाधान केवळ पारशांस झाले असेल असे नव्हे. आपल्या समाजाने आपल्यासाठी वसाहती केल्या, तेव्हा त्यामागे एकमेकांस आधार देण्याची बुद्धी होती. परंतु जे कुंपण आपल्याला आधाराचे वाटते, ते बाहेर उभे राहणाऱ्यास नकाराचेच दिसते. दुसऱ्याच्या फाटकावर न्याय मागणाऱ्याने स्वतःच्या फाटकाकडेही एकदा पाहावे.

मग शहरात राहणाऱ्या मुलाने करावे काय? भांडावे की गप्प बसावे? आमच्या मते दोन्ही करू नये. प्रथम सोसायटीचे पोटनियम मागून घेऊन वाचावेत. फळ्यावर टाचलेली प्रत्येक सूचना ही पोटनियम नसते. देणे वेळेवर भरावे, कारण थकबाकीदाराच्या तक्रारीस वजन राहत नाही. तक्रार तोंडी न करता लेखी द्यावी व तिची पोच घ्यावी. वार्षिक सभेस अवश्य जावे. सुटी आहे म्हणून झोपून राहणाऱ्याने मग वर्षभर कुरकुरू नये. कमिटी ऐकतच नसेल तर सहकार निबंधकाचे दार आहे. महाराष्ट्रात फ्लॅटच्या हस्तांतराबद्दल सोसायटीने किती अधिमूल्य घ्यावे यावर 2001 सालापासून 25,000 रुपयांची कमाल मर्यादा आहे, आणि फ्लॅट भाड्याने दिल्यास घ्यावयाचा आकार सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक असता कामा नये, असाही नियम आहे. हे ठाऊक नसल्यामुळे कित्येक भोळी माणसे मागतील तितके पैसे मोजून मोकळी होतात.

आणि जमल्यास कमिटीवर निवडून यावे. हिशेब पाहणे, पाण्याच्या पंपासाठी धावपळ करणे, सर्वांच्या शिव्या खाणे, हे काम कोणास आवडत नाही. म्हणूनच ते बहुधा हुकूम सोडण्याची हौस असणाऱ्यांच्या हाती जाते. गावात विहिरीचा गाळ काढण्यास जो पहिला उतरतो, त्याच्याच शब्दाला पाणी वाटताना मान मिळतो. आपल्या मुलांनी ही रीत घरी पाहिलेली आहे. ती त्यांनी शहराच्या चौथ्या मजल्यावरही नेली, तर फळ्यावरच्या सूचना आपोआप कमी होतील, आणि गावाहून आलेल्या आईबापांस वॉचमन वही पुढे करण्याआधी या, बसा म्हणेल.