खपाटीचे पोट आणि कोरलेले पोट

तृतीय वर्ष कला शाखेच्या वर्गात एक आत्मकथन शिकवणे चालू होते. प्रसंग दुष्काळाचा. कामाचा ठिकाणा नाही, घरात दाणा नाही, आणि लेखकाच्या वडिलांचे पोट पार खपाटीला गेलेले. वर्णन वाचून होते न होते तोच मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘‘सर, म्हणजे त्यांना सिक्स पॅक होते का?’’ वर्गात हशा पिकला. आम्ही रागावलो, प्रश्नकर्त्याला उभे केले, संवेदनशीलता या विषयावर दहा मिनिटे बोललो आणि तास संपवला. तो प्रश्न मात्र पुढे कित्येक दिवस मनातून हलेना. विद्यार्थ्याने थट्टा केली होती हे खरे. पण थट्टेतून का होईना, त्याने दोन पोटे शेजारी शेजारी ठेवली होती, आणि ती तशी ठेवून पाहण्याचे धाडस आमच्या समीक्षेने कधी केल्याचे आम्हांस आठवत नाही.

प्रस्तुत टिपणात ते करून पाहण्याचा विचार आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, आजचा विद्यार्थी ज्या कोरलेल्या पोटाच्या मागे लागला आहे ते बळाचे लक्षण म्हणून वाचणे ही चूक आहे, आणि निव्वळ उथळपणा म्हणून त्याकडे पाठ फिरवणे ही त्याहून मोठी चूक आहे. ते पोट पाहणाऱ्यासाठी सिद्ध केलेली एक संहिता आहे, आणि संहिता वाचणे हे तर आपले काम.

प्रथम शरीरशास्त्र, कारण साहित्याची माणसे इथेच घसरतात. ज्या स्नायूसाठी हा सारा खटाटोप चालतो, तो प्रत्येकाच्या पोटात असतोच. ओटीपोटाच्या हाडापासून छातीच्या पिंजऱ्यापर्यंत गेलेले दोन उभे पट्टे, त्यांच्यामध्ये एक पांढरी तंतुमय रेषा, आणि पट्ट्यांना आडवे छेद देणाऱ्या कंडरा. बहुतेकांत हे छेद तीन असतात. चौकटी चार दिसणार, सहा की आठ, हे जन्मतः ठरते, व्यायामाने ते बदलत नाही. त्या दिसत नाहीत याचे कारण वरचा मेदाचा थर. पुरुषाच्या शरीरातील मेद साधारण १० ते १२ टक्क्यांवर उतरला म्हणजे रेषा उमटू लागतात. स्त्रीच्या शरीराला मुळातच अधिक मेदाची गरज असते, आणि तो हट्टाने उतरवताना आहार फार तुटला तर पाळी थांबते, हे क्रीडावैद्यकास चांगले ठाऊक आहे. पोटाचे व्यायाम केल्याने पोटावरचाच मेद झडतो, ही समजूत मात्र खोटी. मेद कोठून आधी काढायचा, हे शरीर आपल्याला विचारत नाही.

थोडे गणित करू. ७० किलो वजनाचा तरुण, शरीरात १८ टक्के मेद. त्याला ११ टक्क्यांवर यायचे तर सुमारे साडेपाच किलो मेद जाळावा लागेल. एक किलो मेदात अदमासे ७,७०० किलोकॅलरी, म्हणजे एकूण हिशेब ४२,००० च्या वर जातो. रोजच्या गरजेपेक्षा ५०० किलोकॅलरी कमी खाल्ले तरी ८५ दिवस लागतात, आणि तेही कागदावर. प्रत्यक्षात शरीर काटकसर करू लागते आणि भूक वाढवत नेते. मेद जाताना स्नायूही जाऊ नयेत म्हणून वजने उचलायची आणि प्रथिने भरपूर घ्यायची. दर किलो वजनामागे १.६ ग्रॅम धरली तरी रोजची ११२ ग्रॅम होतात. उकडलेल्या अंड्यात सहा ग्रॅम असतात. वसतिगृहाच्या खानावळीतील ज्या वरणात डाळ शोधावी लागते, त्या वाटीविषयी न बोललेलेच बरे.

तर त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे सरळ उत्तर ‘नाही’ असे आहे. उपाशी देह मेदाबरोबर स्नायूही खातो, म्हणून खपाटीला गेलेल्या पोटात कोरीव काम नसते. कुपोषित लेकरांची पोटे तर कित्येकदा फुगलेली असतात. दोन्ही पोटांवर मेद नाही, एवढेच त्यांचे साम्य. एकाच्या पुढ्यात ताटच नव्हते. दुसऱ्याच्या पुढ्यात ताट आहे, तो त्यातला भात बाजूला सारतो आणि त्या जागी दुसरे काही विकत घेऊ शकतो. रागावण्याऐवजी त्या दिवशी वर्गाला एवढे सांगता आले असते, तर वर्गभेद या संकल्पनेवर वेगळे व्याख्यान द्यावे लागले नसते.

आता हे कोरलेले पोट आले कोठून? ग्रीक शिल्पकार पॉलिक्लीटसचा भालाधारी इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकातला. मूळ ब्रॉंझ नष्ट झाले, रोमन प्रती उरल्या. त्याच्या पोटावरील विभागणी इतकी नेमकी आहे की ती अंगावर घालायच्या चिलखतासारखी भासते. पुढे ते अक्षरशः घडलेही. प्रिमा पोर्ता येथे सापडलेल्या ऑगस्टसच्या पुतळ्यात सम्राटाने घातलेले उरस्त्राणच स्नायूंच्या आकाराचे आहे. पोटावर पोट परिधान करण्याची ही कल्पना आम्हांस फार बोलकी वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युजेन सॅंडो या प्रशियन बलवानाने याच पुतळ्यांची मापे आपल्या देहावर उतरवायचे ठरवले. संगमरवरासारखे दिसावे म्हणून तो अंगाला पांढरी भुकटी फासून छायाचित्रे काढून घेई. १९०१ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याने देहसौष्ठवाची मोठी स्पर्धा भरवली, तेव्हा परीक्षकांत शेरलॉक होम्सचा जनक आर्थर कॉनन डॉइल बसला होता. लेखकाने देहाचे परीक्षण करण्याची परंपरा इतकी जुनी आहे, हे आमच्या सहकाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. १९०४-०५ मध्ये सॅंडो हिंदुस्थानातही येऊन गेला.

आपल्याकडच्या मूर्तिकाराला स्नायू ठाऊक नव्हते असे नाही. गांधार शैलीतील उपवासी बुद्ध, जो आज लाहोरच्या संग्रहालयात आहे, त्याच्या बरगड्या आणि शिरा मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट आहेत. तरीही अजिंठ्याचा पद्मपाणी घ्या, घारापुरीचा शिव घ्या, पोट सपाट वा किंचित भरीव, आत श्वास धरून ठेवल्यासारखे. श्रवणबेळगोळचा गोमटेश्वर तर आम्हांस या विषयातला निर्णायक पुरावा वाटतो. ५७ फुटांची ती मूर्ती दहाव्या शतकाच्या अखेरची. तिच्या पायाशी मराठीतील अत्यंत जुन्या शिलालेखांपैकी एक आहे, म्हणून एम.ए.चा प्रत्येक विद्यार्थी तिचे नाव परीक्षेपुरते तरी पाठ करतो. जैन परंपरेनुसार बाहुबली वर्षभर अन्नपाण्यावाचून उभा राहिला, अंगावर वेली चढल्या. वेली शिल्पकाराने दाखवल्या आहेत. पोटावर मात्र ना उपासाची खूण, ना बाहुबलाची. ज्याच्या नावातच बळ आहे त्याचे बळ दाखवण्याची गरज शिल्पकाराला वाटली नाही. २०१५ च्या चित्रपटाने त्याच नावाला वेगळा देह दिला, आणि आज वर्गात बाहुबली म्हटले की मुलांच्या डोळ्यांपुढे तोच उभा राहतो.

चित्रपटाचा विषय निघालाच आहे. २००७ मध्ये ‘ओम शांती ओम’ आला. ‘दर्द-ए-डिस्को’ या गाण्यात ४२ वर्षांच्या शाहरुख खानने पाण्यातून वर येत जे पोट दाखवले, त्यानंतर ‘सिक्स पॅक’ हा शब्द तालुक्याच्या गावांपर्यंत पोचला. पुढच्याच वर्षी ‘गजिनी’त आमिर खान. उघडे अंग त्याआधीही होते, सलमान खानचे तर विशेष, परंतु देहाची मोजदाद पोटाच्या चौकटींत होऊ लागली ती तेव्हापासून. अशा देहाविषयी एक गोष्ट प्रेक्षकाला सहसा सांगितली जात नाही. तो देह चित्रीकरणाच्या दिवसापुरता असतो. महिनोन्‌महिन्यांच्या आहारानंतर शेवटच्या काही दिवसांत मीठ आणि पाणी यांचा खेळ करून, प्रकाश विशिष्ट कोनातून टाकून तो क्षण साधण्याची रीत या व्यवसायात आहे. कवीने एका ओळीसाठी वर्ष घालवावे तसे हे. फरक इतकाच की ओळ लिहून झाल्यावर कवीला जेवता येते.

आमच्या पिढीतील काहींना इथे तालमीची आठवण येऊन गहिवरून येते. शाहू महाराजांचे कोल्हापूर, १९१२ सालचे खासबाग मैदान, हौद्यातली तांबडी माती, वस्तादाची छडी, जोर-बैठका, दूध-तूप-बदामाचा खुराक. पैलवानाचे पोट कोणी मोजत नव्हते, त्याची परीक्षा समोरच्या मल्लावर होत असे, आरशावर नाही. हे सगळे खरे आहे, पण या गहिवरात आम्ही पूर्णपणे सामील होऊ शकत नाही. त्या मातीत स्त्रियांना जागा नव्हती. खुराक परवडणारी घरेही मोजकीच होती. समर्थांच्या भीमरूपी स्तोत्रातला मारुती पर्वताएवढा असूनही सडपातळ आहे, तेव्हा बांधेसूद देहाची हौस नवी आहे असेही कोणी समजू नये. आणि कुस्तीतही उपासमार शिरलीच आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट अंतिम लढतीच्या सकाळी ५० किलोच्या गटात १०० ग्रॅम जास्त भरली आणि बाद झाली. रात्रभर वजन उतरवण्यासाठी तिने काय काय केले, ते साऱ्या देशाने वाचले. तिथे निदान तराजू होता, नियम होता, समोर प्रतिस्पर्धी होती. वसतिगृहाच्या खोलीत आरशापुढे उभ्या राहिलेल्या मुलापुढे यातले काहीच नसते. आपण जिंकलो, हे त्याला कोण सांगणार?

साहित्याने यात काय केले? आमचा पांढरपेशा वाचक देहाला हसत आला. ‘बटाट्याची चाळ’मधला पु. लं.चा ‘उपास’ आम्ही आजही वर्गात वाचून दाखवतो आणि पोट धरून हसतो. वजन उतरवू पाहणारा मनुष्य आणि त्याला सल्ले देणारे शेजारी. १९५८ च्या त्या पुस्तकातला विनोद खुलतो, कारण घरात दोन वेळचे जेवण आहे हे गृहीत आहे. त्याच काळात अण्णा भाऊ साठे यांनी ‘स्मशानातील सोनं’मध्ये भीमा उभा केला. वारणेच्या खोऱ्यातून मुंबईत आलेला, अंगाने पैलवान. खाण बंद पडते आणि त्या बलदंड देहाला विचारणारे कोणी राहत नाही. मग तो मढ्यांच्या राखेत सोने शोधू लागतो. जगातले सारे स्नायू असून पोट रिकामे, हे जितक्या थेटपणे त्या कथेत आले आहे तितके आम्ही अन्यत्र वाचलेले नाही. दोन्ही पाठ्यपुस्तकांत आहेत, पण आम्ही एक ‘विनोदी वाङ्मय’ या घटकात शिकवतो, दुसरा ‘दलित साहित्य’ या घटकात. दोन घटकांच्या मधली भिंत त्या विद्यार्थ्याने एका वाक्यात पाडली होती. त्याला उभे करणारे आम्ही.

भुकेचे वाचनाशी असलेले नातेही विलक्षण आहे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज याने ३६ स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. वजने सुमारे चतुर्थांशाने घटली. ही सुशिक्षित तरुण माणसे हळूहळू इतर विषयांत रस घेईनाशी झाली, आणि त्यांतील काही पाककृतींची पुस्तके वाचू लागली, पाककृती जमवू लागली. प्रयोगाचे प्रमाण टोकाचे होते, तीन महिन्यांच्या साध्या आहारनियमनाशी त्याची तुलना होणार नाही. पण आमच्या वर्गात कादंबरीचे दोनशे पानांचे वाचन ज्यांना अलीकडे जमेनासे झाले आहे, त्यांपैकी किती जण सकाळपासून फक्त काळ्या कॉफीवर बसलेले असतात, हे आम्ही कधी विचारलेले नाही. मोबाइलला दोष देऊन मोकळे होतो.

व्यायामाला आमचा विरोध नाही, उलट मराठीच्या प्राध्यापकवर्गाने तो तातडीने सुरू करावा. तक्रार आहे ती पोट या शब्दाचा अर्थ आकसत चालल्याची. मराठीत पोट ही आतली जागा आहे. आपण गोष्टी पोटात ठेवतो, अपराध पोटात घालतो, पोटतिडकीने बोलतो, कुणाच्या भल्याने पोटदुखी होते, हातावर पोट असते, पोटची पोर असते. यांतला एकही प्रयोग पोट दिसण्याविषयी नाही. कोरलेल्या पोटासाठी आपल्याला मराठी शब्द सापडला नाही तो भाषेच्या दारिद्र्यामुळे नव्हे. त्या जागेकडे बाहेरून पाहण्याची सवयच या भाषेला नव्हती.

पुढच्या आठवड्यात आम्ही वर्गाला पोटावरचे वाक्प्रचार घरून गोळा करून आणायला सांगितले. मागच्या बाकावरच्या त्या मुलाने अठरा आणले, सर्वांत जास्त. आजीला फोन करून विचारले, म्हणाला. यादीत शेवटी ‘पोटाला चिमटा घेणे’ होते आणि त्यापुढे कंसात त्याने लिहिले होते, ‘आई, माझ्या फीसाठी’. त्याच्या पिशवीत तेव्हाही उकडलेल्या अंड्यांचा डबा होता. किती खातोस, असे विचारल्यावर चार म्हणाला, आणि त्यांतले एक आमच्यापुढे केले.