थेंब नीटनेटका उडत नाही

पावसाचं चित्र काढायला सांगितलं, की मुलं थेंब कसे काढतात? वर निमुळते, खाली गोल, सगळे एका मापाचे. खरं म्हणजे आभाळातून पडणारा छोटा थेंब गोळीसारखा गोल असतो आणि मोठा थेंब हवेच्या दाबानं खालून चपटा होतो. शेंडीवाला थेंब पावसात नसतोच! पण पिढ्यान्‌पिढ्या तोच काढला जातो. कारण काय, तर थेंब ‘असाच काढायचा असतो’.

या ‘असाच काढायचा असतो’नं भल्याभल्यांना चकवलंय बरं का! आर्थर वर्दिंग्टन नावाचे एक इंग्रज शास्त्रज्ञ होते. थेंब पडल्यावर नेमकं काय होतं, याचा त्यांना ध्यास लागला. ही सगळी घडामोड डोळ्याचं पातं लवायच्या आत संपते. मग त्यांनी युक्ती काढली. खोलीत अंधार करायचा, थेंब सोडायचा आणि नेमक्या क्षणी विजेची ठिणगी पाडायची. त्या लखकन झालेल्या उजेडात जे दिसेल, ते डोळ्यांपुढे आहे तोवर कागदावर उतरवायचं. पुढच्या थेंबाला ठिणगी किंचित उशिरा. असं करत त्यांनी सुमारे वीस वर्षं चित्रं काढली. किती देखणी चित्रं! उडालेल्या पाण्याची कडा गोल, तिचे फाटे एकसारखे, जणू कंपासानं आखलेले.

मग १८९४ मध्ये त्यांना याच क्षणाचे फोटो काढता आले आणि वेगळंच समोर आलं. कडा वेडीवाकडी, एक फाटा लांब, दुसरा आखूड. त्यांनी आपल्या जुन्या चित्रांची चळत पुन्हा तपासली. तेव्हा लक्षात आलं, की वाकडे शिंतोडे तेव्हाही दिसले होते, कागदावर उतरलेही होते. पण ‘हा थेंब बिघडला असेल’ म्हणून ते बाजूला पडले होते. १९०८ साली आलेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी हे सरळ लिहून टाकलं. डोळ्यांनी खरं पाहिलं होतं, मनानं ते खोडून टाकलं होतं!

पुढे अमेरिकेत हॅरॉल्ड एजरटन यांनी विजेच्या झगमगत्या दिव्यानं असे क्षण पकडले. १९५७ मधला त्यांचा दुधाच्या थेंबाचा फोटो जगभर गाजला. लाल पृष्ठभागावर पांढराशुभ्र मुकुट आणि त्याच्या टोकांवर मोत्यांसारखे थेंब. बिनचूक मुकुट मिळावा म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं खटपट केली. तरी निरखून पाहिलं, तर त्या मुकुटाचीही सगळी टोकं सारखी नाहीत. म्हणून काही त्याची शोभा कमी होत नाही.

डेव्हिड हॉकनी या चित्रकाराचं १९६७ मधलं एक मोठं चित्र लंडनच्या टेट संग्रहालयाकडे आहे. कॅलिफोर्नियातलं घर, पोहण्याचा तलाव, सगळ्या रेषा सरळसोट. कुणीतरी नुकतीच उडी मारलीय. माणूस दिसत नाही, दिसतं ते फक्त उसळलेलं पाणी. दोन सेकंदांत विरून जाणारं ते पाणी रंगवायला हॉकनी यांना जवळजवळ दोन आठवडे लागले. अख्ख्या चित्रात अस्ताव्यस्त आहे ते तेवढंच, आणि नजर जाते तीही तिथेच.

हे सगळं आज आठवायचं कारण म्हणजे आमच्या भागात झालेली मुलांची एक चित्रकला स्पर्धा. एका मुलीनं नळावर हंडा भरतानाचं चित्र काढलं होतं. धार हंड्याच्या काठावर आपटून पाणी एकाच बाजूला उडालेलं, शिंतोडे थेट फ्रॉकवर. परीक्षकांनी ‘स्वच्छता नाही’ म्हणून गुण कापले. बक्षीस मिळालं ते डोंगर, सूर्य आणि रांगेतल्या थेंबांना. आता सांगा, रोज सकाळी नळाच्या रांगेत उभी राहणारी ती पोर पाणी कसं उडतं हे जाणणार नाही, तर कोण जाणणार?

शिस्त नको, असं मी म्हणत नाही. ठिपक्यांची रांगोळी ठिपके मोजूनच काढावी लागते. पण पाहिलेलं सांगणं वेगळं आणि शिकवलेलं गिरवणं वेगळं. मुलींच्या बाबतीत तर आपण खोडरबर जरा जास्तच चालवतो. अक्षर नीट, बसणं नीट, बोलणं नीट आणि चित्रही नीट. ‘मला असं दिसलं’ हे तिचं वाक्य एकदा खोडलं, की पुढे घरात काही खुपलं तरी ती गप्प बसते. ‘आपलंच काहीतरी चुकत असेल’ असं तिला वाटतं. मैत्रिणींनो, हे नुकसान चित्रातल्या गुणांपेक्षा कितीतरी मोठं आहे.

यासाठी बादलीभर पाणी उधळायला नको. एका काळ्या ताटलीत दुधाचा पातळ थर घ्या, वरून एकच थेंब सोडा आणि मोबाइलमध्ये सोय असेल तर संथ गतीचं चित्रण करा. मग मुलीला विचारा, ‘काय दिसलं?’ ती सांगेल ते पुरतं ऐकून घ्या. मग तिला कागद द्या, आणि खोडरबर मात्र तेवढा वेळ आपल्याकडेच ठेवा!