किल्ली पायपुसण्याखाली

"आमचा डेटा एन्क्रिप्टेड आहे," असं मीटिंगमध्ये कुणी छाती फुगवून म्हणालं की मी एवढंच विचारतो: किल्ली कुठे आहे? मग सगळे पाण्याच्या बाटल्या उघडतात.

डेटाबेस सांभाळण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. ऑपरेटिंग सिस्टिमचं डिस्क एन्क्रिप्शन मोठं की डेटाबेसमधलं टीडीई (ट्रान्स्परंट डेटा एन्क्रिप्शन), यावरचे मानपानाचे तंटे पाहून कंटाळलोय. लिनक्सचं लक्स काय, विंडोजचं बिटलॉकर काय, बंद मशीनची डिस्क कुणी पळवली तर त्याच्या हाती भुसा लागतो, इतकंच. मशीन चालू होऊन व्हॉल्यूम उघडलं की चालत्या सिस्टिमला सगळं उघडं. टीडीईची फाइल डिस्कवर कुलूपबंद, पण मेमरीत आलेलं पान तितकंच उघडं. एसक्यूएल इंजेक्शनने घुसलेल्या चोराला डेटाबेस स्वतः उलगडून वाढतो, वर आग्रहही करतो. त्याच्यापुढे दोन्ही पक्ष सारखेच नागडे.

खरा फरक बॅकअपचा. लक्सच्या डिस्कवरून फाइल बाहेर कॉपी केली की ती साधी फाइल. एसक्यूएल सर्व्हरचा टीडीई-बॅकअप जाईल तिथे बंदच राहतो. कामाची गोष्ट आहे, नाही म्हणत नाही. म्हणूनच मायक्रोसॉफ्टने २००८ साली आणलेली टीडीईची सोय २०१९च्या आवृत्तीपर्यंत महागड्या एंटरप्राइजमध्ये कोंडून ठेवली. पोस्टग्रेसच्या मूळ आवृत्तीत ती नाहीच.

आणि पैसे मोजून करतात काय? किल्ली डेटाशेजारीच ठेवतात! मायएसक्यूएलचं 'कीरिंग फाइल' कंपोनंट किल्ली त्याच सर्व्हरवर फाइलीत ठेवतं. नियमपालनासाठी हे नाही, असं त्यांचीच कागदपत्रं सांगतात. तरी ऑडिटरच्या यादीत बरोबरची खूण!

मी पाहिलेल्या एका कंपनीत उलटंच झालं. सर्व्हर मेला, बॅकअप शाबूत, पण टीडीईची किल्ली उघडणारं सर्टिफिकेट त्या मेलेल्या सर्व्हरवरच. सर्टिफिकेटचा बॅकअप घ्या, असं एसक्यूएल सर्व्हर एन्क्रिप्शन लावतानाच बजावतो. वाचतो कोण? चोरापासून वाचवलेला डेटा मालकालाच मिळाला नाही.

डिस्क एन्क्रिप्शनला वेगळे पैसे सहसा पडत नाहीत, ते आजच लावा. टीडीईचं बिल भरण्याआधी मात्र सर्टिफिकेट दुसऱ्या मशीनवर नेऊन एक बॅकअप रिस्टोअर करून दाखवा. मला नको, तुमच्या साहेबांना दाखवा.