ऑइल किलोमीटर मोजत नाही

ई२० पेट्रोलवरून २०२५ च्या पावसाळ्यात देशभर जो वाद पेटला, त्यात दोन्ही बाजू एकाच आकड्याभोवती फिरत राहिल्या: मायलेज. ऑगस्टमध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने निवेदन काढले की, ई२० साठी जुळवलेल्या गाड्यांत घट १ ते २ टक्के आणि इतरांत ३ ते ६ टक्के. गाडीमालकांनी आपापल्या वह्या पुढे करून ती याहून अधिक असल्याचे सांगितले. इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश, म्हणून वीस टक्के मिश्रणात सहा-सात टक्के ऊर्जा कमी मिळणार, हे बारावीतला विद्यार्थीही कागदावर काढून दाखवील. एवढ्या साध्या गणितावर महिनोन्महिने शाई सांडली. बॉनेट उघडून डिपस्टिक बाहेर काढावी आणि खालच्या ऑइलचे काय होत आहे ते पाहावे, ही तसदी मात्र या गदारोळात फारशा कोणी घेतली नाही.

याचे कारण असे की, ऑइलविषयीचे आपल्या देशाचे शहाणपण केव्हाच ठरून गेलेले आहे. ऊन जास्त, म्हणून ऑइल जाड हवे. काळे पडले, म्हणजे संपले. आणि कंपनीने दहा हजार किलोमीटर म्हटले आहे, तोवर बघायला नको. पहिली दोन वाक्ये गॅरेजमधून येतात, तिसरे शोरूममधून. तिन्ही अनुभवाच्या थाटात उच्चारली जातात आणि तिन्हींच्या मागे मोजमाप नाही.

उन्हाचा मुद्दा आधी निकालात काढणे बरे, कारण तो सर्वांत लोकप्रिय आहे. चालत्या इंजिनातील शीतकाचे तापमान थर्मोस्टॅट ठरवतो, सूर्य नव्हे. बाहेर श्रीनगरचा जानेवारी असो वा चुरूचा जून, इंजिन एकदा तापले की ऑइल साधारण ९० ते ११० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात काम करते. घाटात किंवा पूर्ण भाराने चालवताना ते त्याच्याही वर जाते. ५डब्ल्यू-३० या ग्रेडच्या ऑइलची श्यानता, म्हणजे वाहण्यास होणारा अंतर्गत विरोध, १०० अंशांना १० ते ११ सेंटिस्टोकच्या आसपास असते आणि ४० अंशांना साठच्या घरात. मे महिन्यात नागपुरात उघड्यावर उभी असलेली गाडी दुपारी सुरू केली, तरी त्या क्षणी तिचे ऑइल कामाच्या वेळेपेक्षा पाच-सहा पट जाड असते. ऑइलच्या दृष्टीने नागपूरचा मे महिना हा हिवाळाच आहे! त्याच गाडीत ‘इकडच्या हवेसाठी’ म्हणून २०डब्ल्यू-५० ओतले, तर सुरुवातीच्या मिनिटांत पंपाला दीडशे सेंटिस्टोकचा पाक ढकलावा लागतो. आजच्या इंजिनातील व्हॉल्व्ह-टायमिंग बदलणाऱ्या यंत्रणा आणि साखळी ताणून धरणारे टेन्शनर याच ऑइलच्या दाबावर चालतात. त्यांच्या बारीक वाटा अशा पाकासाठी आखलेल्या नाहीत.

डब्यावरचे आकडे म्हणजे जाहिरात नव्हे, ते एक मानक आहे. एसएई संस्थेच्या जे३०० या तक्त्यात दुसऱ्या आकड्याला १०० अंशांवरील श्यानतेची मर्यादा जोडलेली आहे: २० म्हणजे ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक, ३० म्हणजे ९.३ ते १२.५, ५० म्हणजे १६.३ ते २१.९. डब्ल्यू हा हिवाळ्याचा निदर्शक. ५डब्ल्यूची चाचणी उणे ३० अंशांना, १५डब्ल्यूची उणे २० अंशांना होते. द्रास किंवा लेहमध्ये गाडी ठेवणाऱ्याला हा पहिला आकडा जीव की प्राण. चेन्नईकराला त्याचे महत्त्व बरेच कमी. याशिवाय १५० अंशांना, बेअरिंगमध्ये ऑइल जसे फाटले-ओढले जाते तशा अवस्थेतील किमान श्यानतेची अटही त्या तक्त्यात आहे. इंजिनाचे आयुष्य खरे तर या अटीवर अवलंबून असते, आणि डब्याच्या दर्शनी भागावर ती सहसा दिसत नाही.

गॅरेजवाल्यांच्या बाजूनेही एक मुद्दा आहे आणि तो प्रामाणिकपणे मांडायला हवा. गेल्या दीड-दोन दशकांत ऑइल जे पातळ होत गेले, त्याचे मुख्य कारण इंजिनाचे दीर्घायुष्य नव्हे. इंधनबचतीचे सरकारी निकष हे आहे. भारतातही उत्पादकाच्या सगळ्या गाड्यांच्या सरासरीवर लागू होणारे असे निकष २०१७-१८ पासून आले आणि २०२२-२३ पासून कडक झाले. पातळ ऑइलने पंपाचे आणि बेअरिंगचे नुकसान घटते, निकष गाठणे सोपे जाते. इथवर मिस्त्रीचा संशय रास्त आहे. परंतु त्यावरचा त्याचा उपाय चुकीचा आहे. रिचर्ड स्ट्रिबेकने १९०२ मध्ये दाखवून दिले की, घर्षण हे श्यानता, वेग आणि भार यांच्या एकत्रित परिणामावर ठरते. पृष्ठभाग वेगळे ठेवणारा ऑइलचा थर काही ठिकाणी एका मायक्रोमीटरहूनही पातळ असतो, आणि तो टिकावा म्हणून बेअरिंगमधल्या फटी, पंपाची क्षमता व पृष्ठभागांचे लेपन हे सगळे ठरावीक ऑइल गृहीत धरून आखलेले असते. २० ग्रेडसाठी आखलेल्या इंजिनात २० ग्रेडच हवे. मात्र पातळ ऑइलजवळ राखीव शिल्लक कमी असते. जाड ऑइल थोडे बिघडले तरी निभावते. पातळ ऑइल तेवढेच बिघडले की मर्यादेच्या खाली जाते. पातळ ऑइल आणि ताणलेला बदली-कालावधी ही जोडी म्हणूनच धोक्याची आहे, आणि आज बाजारात तीच विकली जात आहे.

काळ्या रंगाबद्दल फार बोलण्याचे कारण नाही. डिझेल इंजिनात नवे ऑइल काहीशे किलोमीटरांत काळे होते, कारण त्यातील विखुरक द्रव्ये काजळीचे कण धरून ठेवतात, गाळ होऊन बसू देत नाहीत. म्हणजे ते काम करत आहे. उलट थोडेसे चालवलेल्या पेट्रोल गाडीचे ऑइल मधासारखे सोनेरी दिसत असूनही निकामी झालेले असू शकते. बोटांत चोळून पाहणारा जाणकार श्यानता मोजत नसतो, आत्मविश्वास मोजत असतो.

आता किलोमीटर. भारतातील बहुतेक पेट्रोल गाड्यांच्या मॅन्युअलात ‘१०,००० किमी किंवा १२ महिने, यांपैकी जे आधी’ असे लिहिलेले असते. व्यवहारात उरतो तो पहिला आकडा; ‘जे आधी’ हे दोन शब्द हवेत विरतात. २०२३ च्या टॉमटॉम वाहतूक निर्देशांकानुसार बंगळुरूमध्ये १० किलोमीटर जायला सरासरी २८ मिनिटे लागली, पुण्यात जवळजवळ तितकीच. म्हणजे ताशी सुमारे २० किलोमीटर. या वेगाने दहा हजार किलोमीटर व्हायला इंजिन ५०० तास चालते. महामार्गावर ताशी ७० च्या सरासरीने धावणाऱ्या गाडीचे इंजिन तेवढ्याच अंतरासाठी १४३ तास चालते. ओडोमीटर दोघांना एकच आकडा दाखवतो, सर्व्हिस सेंटर दोघांना एकाच दिवशी बोलावते आणि एकाच्या ऑइलने दुसऱ्याच्या साडेतीन पट काम केलेले असते. सिग्नलवर उभ्या गाडीची चाके थांबतात, इंजिन थांबत नाही. तापलेल्या ऑइलचे ऑक्सिडीकरण चाकांची वाट पाहत नाही.

तास मोजले, तरी हिशेब पुरा होत नाही. एक लिटर पेट्रोल जळले की जवळपास एक लिटर पाणी तयार होते. बहुतेक पाणी वाफेच्या रूपाने सायलेन्सरमधून जाते. थोडी वाफ आणि थोडे न जळलेले इंधन पिस्टन-रिंगांजवळून निसटून खाली ऑइलमध्ये उतरते. प्रवास लांबचा असेल, तर तापलेल्या ऑइलमधून हे दोन्ही उडून जाते. निवृत्त गृहस्थ मंडईपर्यंत दोन किलोमीटर जातात, गाडी बंद करतात, तासाभराने परत येतात. ऑइल तापायला शीतकाहून बराच अधिक वेळ लागतो, त्यामुळे त्यांचे ऑइल कधी तापतच नाही. वर्षाला तीन हजार किलोमीटर झाले, म्हणून ‘अजून सात हजार बाकी’ असा त्यांचा समज. त्या तीन हजारांत पाणी, इंधन आणि आम्ले साठत गेली आणि त्या आम्लांना मारणारा क्षारांचा साठा संपत आला. देशातली सर्वांत कमी चाललेली आणि सर्वांत जपलेली गाडी कदाचित सर्वांत वाईट ऑइलवर चालत असेल.

ई२० चा प्रश्न नेमका येथे येऊन मिळतो. इथेनॉलचे बाष्पीभवन होण्यास पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते, म्हणून थंड इंजिनात ते नीट वाफ होत नाही आणि खाली उतरण्याची शक्यता वाढते. ते पाण्यात मिसळते, आणि अर्धवट जळल्यास त्यातून ॲसिटिक आम्ल तयार होऊ शकते. दुसऱ्या बाजूने, त्याचा उत्कलनांक ७८ अंशांचा; ऑइल पूर्ण तापले की ते पेट्रोलमधील जड घटकांपेक्षा सहज उडून जाते. म्हणजे महामार्गावरच्या गाडीला ई२० चा फारसा त्रास नसावा आणि मंडईपर्यंत जाणाऱ्या गाडीला असावा. इथेनॉल दोषी की निर्दोष हा प्रश्नच मुळात चुकीचा मांडला गेला. कोणत्या वापरात, किती महिन्यांनी, ऑइलची श्यानता आणि क्षारांक किती घसरतो, हा खरा प्रश्न आहे.

डिझेलवाल्यांनी गालात हसू नये. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाल्यावर डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर आला. तो साफ करण्यासाठी अनेक गाड्यांत सिलिंडरमध्ये उशिराने जादा डिझेल सोडले जाते, जेणेकरून एक्झॉस्ट ६०० अंशांच्या आसपास तापावा. शहरी रहदारीत ही प्रक्रिया अर्ध्यावर तुटते आणि ते डिझेल ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवरील पातळी कमी होण्याऐवजी वाढते. पातळी वाढली म्हणून ‘गाडी ऑइल खात नाही’ असे समाधान मानणारे मालक कमी नाहीत. शिवाय या फिल्टरला कमी राख सोडणारे ऑइल लागते. स्वस्तातले जुन्या दर्जाचे ऑइल ओतले की राख फिल्टरमध्ये कायमची अडकते, कारण राख जळत नाही.

मॅन्युअल लिहिणाऱ्यांना हे सगळे ठाऊक आहे. मागच्या पानांवर ‘प्रतिकूल वापर’ असा एक तक्ता असतो: वारंवार छोटे प्रवास, थांबत-थांबत चालणारी रहदारी, धूळ, बराच वेळ इंजिन चालू ठेवून उभे राहणे. काही मॅन्युअलांत अशा वापरासाठी कालावधी थेट निम्म्यावर आणलेला आहे. ही यादी वाचल्यावर भारतीय शहरांत ‘सामान्य वापर’ नेमका कोण करतो, असा प्रश्न पडावा. पण जाहिरातीत मोठा आकडा झळकतो, कारण देखभालखर्च कमी दाखवणे शोरूमच्या सोयीचे असते. आणि कोपऱ्यावरचे गॅरेज पाच हजारांवरच बदलायला लावते, कारण ते त्याच्या सोयीचे असते. महामार्गावर धावणारा माणूस गॅरेजचे ऐकून चांगले ऑइल फेकतो, शहरातला माणूस शोरूमचे ऐकून संपलेले ऑइल वापरतो. फेकलेले ऑइल पुढे बांधकामाच्या शटरिंगला किंवा भट्टीत जाते. वापरलेल्या ऑइलच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी एप्रिल २०२४ पासून उत्पादकांवर टाकण्यात आली, ते योग्यच. पण अनाठायी ओतून टाकलेला प्रत्येक लिटर त्या यंत्रणेवरही ओझेच आहे.

तांत्रिक अडचण म्हणाल, तर ती नाही. इंजिनाच्या संगणकाला फेऱ्या, शीतकाचे तापमान, थंड अवस्थेत सुरू केल्याच्या वेळा, सगळे कळते. जनरल मोटर्सने १९८० च्या दशकाच्या अखेरीस याच माहितीवरून ऑइलचे उरलेले आयुष्य काढून चालकाला दाखवायला सुरुवात केली होती. आज लाखो रुपयांच्या गाडीत दहा इंचांचा पडदा गाण्याचे नाव दाखवतो, इंजिनाचे तास दाखवत नाही. ट्रॅक्टरवर तासांचे मीटर असते; शेतकऱ्याला जे दाखवता येते ते मोटारमालकाला दाखवण्यात अडचण कोणती? पुण्याची एआरएआय, देहरादूनची भारतीय पेट्रोलियम संस्था, फरिदाबादचे इंडियन ऑइलचे संशोधन केंद्र, यांच्याकडे ऑइल तपासण्याची साधने आणि माणसे दोन्ही आहेत. ई२० वर चाललेल्या गाड्यांच्या वापरलेल्या ऑइलची आकडेवारी, वापराच्या प्रकारानुसार विभागून, सर्वांना पाहता येईल अशी मांडली गेली पाहिजे. मायलेजवर निवेदन निघू शकते, तर क्षारांकावरही निघू शकते.

तोवर विद्यार्थ्यांनी हातावर हात धरून बसण्याचे कारण नाही. देशातल्या असंख्य अभियांत्रिकी महाविद्यालयांत रेडवूड व्हिस्कोमीटर आणि पेन्स्की-मार्टेन्सचे ज्वलनांक उपकरण असते. दरवर्षी तेच नवे ऑइल त्यात ओतले जाते, ५० मिलिलिटर खाली यायला किती सेकंद लागले ते जर्नलमध्ये उतरवले जाते, सही मिळते आणि जर्नल रद्दीत जाते. त्याच बाकावर प्राध्यापकांच्या गाडीतले वापरलेले ऑइल आणावे. इंधन मिसळले असेल तर सेकंद घटतील आणि ज्वलनांकही खाली येईल. नुसते ऑक्सिडीकरण किंवा काजळी असेल तर सेकंद वाढतील. सोबत गाळणकागदावर एक थेंब टाकून रात्रभर ठेवावा: काजळी मध्यभागी घट्ट डागासारखी बसली की विखुरक थकला, बाहेरपर्यंत एकसारखी पसरली की तो अजून शाबूत. बाटलीवर ऑइलची ग्रेड, किलोमीटर, महिने, इंधनाचा प्रकार आणि रोजच्या प्रवासाची सरासरी लांबी लिहावी. त्याच डब्यातले नवे ऑइल तुलनेसाठी शेजारी ठेवावे, नाहीतर आकड्यांना अर्थ राहणार नाही.